लाइफ ड्रॉइंगच्या वर्गात ॲनाटॉमी शिकायची कशी?

नवखी_रेघ

लाइफ ड्रॉइंगच्या वर्गात मॉडेल समोर असते, पोझची वेळ ठरलेली असते, शिक्षक अधूनमधून येऊन एखादी रेघ सुधारून जातात. ॲनाटॉमी, म्हणजे हाडं-स्नायूंची आतली रचना, मात्र ज्याची त्याने पुस्तकातून करायची. अडचण अशी की पुस्तकात लाल रंगात सुटे सुटे दिसणारे स्नायू समोरच्या माणसात सापडतच नाहीत. पाठ असलेले चार-पाच स्नायू जबरदस्तीने दाखवले की आकृती गादीत कापूस कोंबल्यासारखी दिसते. नाही दाखवले तर सपाट.

तीन प्रश्न आहेत. आधी हाडं की आधी स्नायू, आणि किती? १ मिनिटाच्या पोझमध्ये ॲनाटॉमीचा उपयोग काय? आणि वर्ग संपल्यावर त्या चित्रांचं करायचं काय?

हाडाचा_विद्यार्थी

आधी हाडं. पण २०६ पाठ करत बसू नका. चित्राला लागतात ती कातडीखाली थेट बोटाला लागणारी ठिकाणं, म्हणजे लँडमार्क. माणूस जाड असो, बारीक असो, म्हातारा असो, ही ठिकाणं जागा सोडत नाहीत. बारीक माणसात तिथे उंचवटा दिसतो. अंगात चरबी असेल तर बऱ्याचदा त्याच जागी खळगा पडतो, कारण तिथे कातडी हाडाला धरून असते आणि चरबी आजूबाजूला साठते. कमरेच्या मागच्या दोन खळ्या तशाच.

समोरून शोधायची ती अशी: गळ्याची खळगी, दोन्ही हासळ्या (गळ्याखालची आडवी हाडं) पूर्ण लांबीत, खांद्याची टोकं, छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक, बरगड्यांच्या कमानीची कड, पेल्व्हिसची (कमरेच्या हाडांच्या कड्याची) पुढची दोन टोकं आणि मधला प्युबिस, म्हणजे ओटीपोटाखालचं हाड. पाठीकडून मानेचा सातवा मणका, फऱ्याची (खांद्यामागच्या चपट्या हाडाची) आडवी कड, फऱ्याचं खालचं टोक, कमरेच्या खळ्या आणि त्यांच्या खालचा त्रिकोण. हातापायांत कोपराची तीन टोकं, मनगटाला करंगळीच्या बाजूचं टेंगूळ, मांडीच्या हाडाचा वर बाहेरच्या बाजूचा उंचवटा म्हणजे ट्रोकँटर, गुडघ्याची वाटी, तिच्या खालचं नडगीचं टेंगूळ, नडगीची धार, दोन्ही घोटे.

यादीपेक्षा त्यांची आपसातली नाती महत्त्वाची. काही सांगतो.

मानेचा सातवा मणका गळ्याच्या खळगीपेक्षा बराच वर असतो. म्हणजे मान खांद्यांवर सरळ खांब रोवल्यासारखी नसते, ती पुढे झुकलेली असते आणि तिच्या बुडाची कड मागून पुढे उतरत येते. नवशिक्यांच्या चित्रात डोकं ताठ आणि कृत्रिम दिसण्याचं हे सर्वांत मोठं कारण.

घोटे: आतला वर, बाहेरचा खाली. पोटरी बरोबर उलट: आतला फुगवटा खाली उतरतो, बाहेरचा वरच संपतो. दोन्ही बाजूंना समान फुगवटे समोरासमोर काढले की पाय खराद्यावर फिरवल्यासारखा होतो. गुडघ्याच्या वरही हेच. मांडीचा आतला स्नायू वाटीच्या जवळपर्यंत खाली येतो, बाहेरचा त्याच्या आधीच वर थांबतो.

कोपर: हात सरळ असताना मागून पाहिलं तर तिन्ही टोकं जवळपास एका रेषेत येतात, काटकोनात वाकवला की त्यांचा त्रिकोण होतो. वाकलेला हात रबरी नळीसारखा वाटत असेल तर हा त्रिकोण हरवलेला असतो.

आणि पूर्ण भार एका पायावर असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा त्या पायाच्या घोट्याजवळ उतरतो. नाही उतरला तर कागदावरचा माणूस पडतोय.

कोळसाकांडी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. १ मिनिटात ॲनाटॉमी काढायची नसते, वापरायची असते. भार कुठल्या पायावर आहे ते पहिल्या पाच सेकंदांत ठरवा. मग डोक्यापासून भाराच्या पायापर्यंत एक लांब रेघ. खांद्याच्या दोन टोकांमधली रेघ. पेल्व्हिसच्या दोन टोकांमधली रेघ. साध्या उभ्या पोझमध्ये या दोन रेघा विरुद्ध दिशांना कलतात: भाराच्या बाजूला कंबर वर, खांदा खाली. त्या बाजूचं पोट-कंबर चेपतं, दुसरी बाजू ताणली जाते. एवढं आलं की मिनिट वसूल. बोटं, चेहरा, केस विसरा.

५ मिनिटांत बरगड्यांचा पिंजरा आणि पेल्व्हिस हे दोन घन आकार बसवायचे आणि त्यांच्यामधली मोकळी जागा बघायची. ही जागा हमखास चुकते. लोक पिंजरा आणि पेल्व्हिस एकमेकांना चिकटवतात, मग शरीर वळायला जागाच उरत नाही. चेपलेल्या बाजूला ते अंतर किती आणि ताणलेल्या बाजूला किती, दोन्ही मोजा.

२० मिनिटांच्या पोझसाठी हा क्रम बघा:

पहिली ३ मिनिटं वरचंच सगळं, विलो चारकोलने (मऊ कोळशाच्या कांडीने), पुसता येईल इतकं फिकं. आकृतीचं वरचं टोक, खालचं टोक आणि मधोमध अशा तीन खुणा आधीच करून ठेवा, म्हणजे पाय कागदाबाहेर जाणार नाहीत किंवा जागा संपली म्हणून आखूड होणार नाहीत. पुढची ५ मिनिटं फक्त लँडमार्क. दिसतील तिथे ठिपका, दिसत नसतील तिथे अंदाजाने फुली. ठिपका आणि फुली वेगळी ठेवा, नंतर त्याचा उपयोग आहे. मग ७-८ मिनिटं ठिपक्यांना धरून बाह्यरेषा आणि उजेड-सावलीची सीमा. उरलेल्या वेळात एकच सांधा निवडा, खांदा म्हणा किंवा गुडघा, आणि तेवढाच नीट करा. अख्ख्या अंगावर सारखंच काम केलं की कुठलाच सांधा समजत नाही.

कोळसाकांडी

तिसरा प्रश्न राहिला. मुख्य अभ्यास तिथेच होतो, आणि बहुतेक जण तो करत नाहीत.

वर्गातलं २० मिनिटांचं एक चित्र निवडा. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून आत सांगाडा काढा, पुस्तक न बघता. ठिपके आणि फुल्या आहेतच. आता पुस्तक उघडा आणि लाल पेन्सिलने दुरुस्त करा. दुसऱ्या ट्रेसिंगवर त्या एका सांध्याभोवतीचे स्नायू काढा: कुठून निघाला, कुठे चिकटला. पुन्हा लाल. त्यानंतर तीच पोझ कोऱ्या कागदावर आठवणीतून काढा, शक्य असेल तर बाजूने किंवा मागून दिसेल तशी.

लाल रेघा एकाच जागी परत परत येऊ लागतात. पुढच्या वर्गात काय बघायचं त्याची यादी आपोआप तयार होते. चित्रं जास्त काढायला हवीत हे खरंच, पण दुरुस्तीशिवाय शंभर चित्रं काढली तर तीच चूक शंभर वेळा पक्की होते.

मातीकाम

हाडांबद्दल सहमत, पण स्नायूंना इतकं मागे ढकलू नका. फक्त नावांनी शिकू नका. प्रत्येक स्नायूला चारच प्रश्न विचारा: निघतो कुठून, जातो कुठे, ओलांडतो कुठला सांधा, आणि मांसल भाग कुठे संपून कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) कुठे सुरू होते. चौथा प्रश्न सगळे विसरतात आणि आकार त्यावरच ठरतो. पोटरीचा मांसल भाग नडगीच्या साधारण मध्यावर संपतो, खाली टाचेपर्यंत कंडराच असते. म्हणून घोटा बारीक.

पुस्तकातल्या आकृतीत प्रत्येक स्नायू सारख्याच जोमाने काढलेला असतो. जिवंत माणसात काही काम करत असतात, काही सैल असतात, काही नुसते ताणलेले. एका पायावर भार असलेल्या माणसाला पाठीमागून बघा. भाराच्या बाजूचा नितंब आवळलेला, वर चढलेला, त्याच्या खालची घडी खोल. मोकळ्या बाजूचा सैल, लांबट, घडी उथळ किंवा गायब. स्नायू दोन्हीकडे तोच.

सुरुवातीला बारा-तेरा पुरेत. मानेतला कानामागून हासळीकडे येणारा. मानेमागून खांद्यांवर आणि पाठीवर पसरणारा ट्रॅपिझियस. खांद्याची टोपी, म्हणजे डेल्टॉइड. छातीचा मोठा स्नायू. पाठीचा लॅटिसिमस. पोटाचा मधला पट्टा आणि बाजूचा ऑब्लिक. दंडाचे पुढचे-मागचे. नितंबाचे दोन. मांडीचा पुढचा गट. पोटरी. पुढच्या हाताचे (कोपर ते मनगट) वीसेक स्नायू सुटे शिकू नका, तीन गट करा: वाकवणारे, ताणणारे, आणि अंगठ्याच्या बाजूची ती जाड कड जी कोपराच्या वर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला सुरू होते. ती वर सुरू होते हे लक्षात ठेवलं तर कोपर आणि दंड एकमेकांत नीट गुंततात.

जमलं तर माती घ्या. छोटा सांगाडा तारेवर उभा करून त्यावर एकेक स्नायू पट्टीने चढवायचा, याला एकोर्शे म्हणतात. हूदाँ या फ्रेंच शिल्पकाराने १७६७ मध्ये केलेला एकोर्शे पुढे कितीतरी कलाशाळांत साच्यांतून पोचला. तिथला फायदा साधा आहे: कागदावर एखादा स्नायू हाडाच्या मागून जातो की पुढून हे झाकून नेता येतं, मातीत येत नाही.

नवखी_रेघ

पुढच्या हाताचं विचारायचंच होतं. तळवा वर असताना एक आकार, खाली असताना भलताच. ठिपके बरोबर असूनही हात मोडल्यासारखा दिसतो.

सांधेजोड

कारण ठिपक्यांच्या मधली हाडं फिरलेली असतात. पुढच्या हातात दोन हाडं. करंगळीच्या बाजूचं अल्ना, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस. तळवा वर असतो तेव्हा दोन्ही समांतर. तळवा खाली केला की अल्ना कोपराशी जिथे आहे तिथेच राहतं, रेडियस त्याला ओलांडून पलीकडे जातं. मनगट रेडियसला जोडलेलं, म्हणून पंजाही बरोबर फिरतो.

काढताना आधी कोपराच्या टोकापासून करंगळीकडच्या मनगटाच्या टेंगळापर्यंत सरळ रेघ मारा. ती अल्नाची कड, कोपरापासून मनगटापर्यंत कातडीखाली बोटाने चाचपता येते. मग अंगठ्याच्या बाजूची जाड कड त्या रेघेवरून वळवून अंगठ्याकडे न्या. मनगट चपट्या पेटीसारखं, कोपराजवळचा भाग गोलसर. तळवा खाली असताना चपटी बाजू वळलेली असते, ती वळवली नाही की हात मोडका दिसतो.

खांद्याबाबतही असंच. हात वर गेला की फक्त दंड फिरत नाही, फराही फिरतो. ढोबळ प्रमाण २:१ धरा. हात पूर्ण वर, १८० अंश, त्यातले साधारण १२० खांद्याच्या सांध्यात आणि ६० फऱ्याच्या फिरण्यातून. फऱ्याचं खालचं टोक बाहेर, काखेकडे सरकतं आणि हासळीचं बाहेरचं टोक वर उचललं जातं. वर केलेले हात धडाला बाहेरून चिकटवल्यासारखे दिसले तर हासळ्या आडव्याच राहिल्या आहेत का ते आधी बघा.

कण्याबद्दल: कंबरेचे मणके पुढे-मागे चांगले वाकतात, पण पीळ फार थोडा घेतात. पीळ मुख्यतः छातीच्या मागच्या मणक्यांत आणि मानेत. म्हणून वळलेल्या पोझमध्ये बेंबीजवळ पीळ दाखवला की खोटं वाटतं. पीळ बरगड्यांच्या पिंजऱ्यात सुरू व्हायला हवा.

मातीकाम यांच्या मुद्द्यात एक भर. भाराच्या पायाची मांडी कायम टणक असते असं नाही. गुडघा मागे लॉक करून आरामात उभं राहिलं तर मांडीचा पुढचा गट जवळपास सैल असतो, वाटी किंचित खाली उतरते आणि तिच्या भोवतीची चरबी फुगून दिसते. गुडघा थोडा वाकला की सगळं घट्ट. मॉडेलचा गुडघा लॉक आहे की नाही हे बाजूने बघून घ्या.

उभा_कागद

मोजमापाबद्दल कुणी बोललं नाही, आणि ते चुकलं तर वरचं सगळं वाया.

मोजताना पेन्सिल धरलेला हात कोपरात सरळ, एक डोळा बंद, दर वेळी तसंच. कोपर जरा वाकलं की माप बदलतं. बोर्ड उभा ठेवा. मांडीवर आडवा ठेवला तर कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब पडतो, तो लहान दिसतो म्हणून नकळत मोठा काढला जातो आणि उभं करून बघितलं की डोकं-छाती लांबलेली. मॉडेलपासून अंतर तिच्या उंचीच्या अडीच-तीन पट मिळालं तर उत्तम. अगदी जवळ बसलात तर पावलं वरून दिसतात आणि चेहरा खालून, त्यात कुठलंही प्रमाण लागू पडत नाही.

डोक्याचं माप: सरासरी माणूस साडेसात डोक्यांएवढा उंच, आदर्श आकृत्या आठ. आठच्या हिशोबात, वरून खाली मोजत, हनुवटी १, स्तनाग्रं २, बेंबीजवळ ३, प्युबिस ४, गुडघ्याच्या खाली ६, तळपाय ८. साडेसातमध्ये कमी पडणारं अर्धं डोकं जास्त करून पायांतून जातं. हात खाली सोडलेले असतील तर कोपर कमरेच्या बारीक भागाशी, मनगट ट्रोकँटरच्या आसपास, बोटांची टोकं मांडीच्या मध्यावर. पंजा हनुवटीपासून केसांच्या कडेपर्यंत. पाऊल पुढच्या हाताएवढं. पावलं आणि पंजे जवळजवळ सगळेच लहान काढतात.

पण हे तपासायला ठेवा, काढायला नव्हे. समोरची बाई सात डोक्यांची असेल तर तिला सातचीच काढायची.

हाडाचा_विद्यार्थी

हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून ठेवण्यासारखं आहे.

चौकटीतला

मग हे सगळं फोटोवरून का नको? पोझ हलत नाही, वेळेचं बंधन नाही, मॉडेल शोधायला नको.

कोळसाकांडी

चित्र सुधारेल. ॲनाटॉमी कमी कळेल. फोटोत एकच डोळा असतो, सावलीतले लँडमार्क काळोखात बुडतात, आणि जागेवरून उठून पलीकडची बाजू बघता येत नाही. वर्गात शंका आली की विश्रांतीच्या आधी मागून एक चक्कर मारून या. शिक्षकांमार्फत विनंती केली तर बऱ्याच मॉडेल हात सावकाश वर-खाली करून दाखवतात, फरा सरकताना दिसतो. हात लावून दाखवायचं नाही आणि परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. घरी फोटोवर सराव करा जरूर, फक्त वाइड लेन्सने जवळून काढलेले टाळा, पुढे आलेला हात-पाय त्यात अवाढव्य होतो.

आणि मॉडेल हलते, तोही अभ्यासच आहे. २० मिनिटांत भाराची कंबर आणखी बाहेर सरकते, खांदा उतरतो, डोकं झुकतं. पायांच्या जागी जमिनीवर टेपच्या खुणा असतात, त्याने पावलं परत जागेवर येतात, धड येत नाही. विश्रांतीनंतर पाच मिनिटं थांबा, मॉडेल परत पोझमध्ये स्थिरावू द्या. सुरुवातीच्या दोन कललेल्या रेघा बदलू नका. अर्धं चित्र ताज्या पोझचं आणि अर्धं थकलेल्या पोझचं, असं झालं तर कुठलाच सांधा जुळत नाही.

मातीकाम

एक पुरवणी. व्यायामाने घडवलेलं शरीर ॲनाटॉमीला सर्वांत चांगलं, हा गैरसमज आहे. तिथे स्नायू इतके भरलेले असतात की हाडं झाकली जातात. वयस्क मॉडेल मिळाली तर पुढची जागा पकडा. हासळी, फरा, कोपर, नडगी, पावलाच्या कंडरा, सगळं वाचता येतं. जाड मॉडेलही टाळू नका. चरबी कुठेही साठत नाही, तिच्या ठरलेल्या जागा असतात: कमरेच्या कडेच्या वर, नितंबाच्या बाहेरच्या बाजूला, मांडीच्या आत वर, गुडघ्याच्या आतल्या बाजूला, दंडाच्या मागे. आणि घडी नेहमी सांध्याजवळ पडते, म्हणून घडी दिसली की तिच्या आतला सांधा शोधा.

नवखी_रेघ

शेवटचं. आडवी पोझ, पाय माझ्याकडे. ठिपके एकमेकांवर चढतात, लांबीचं माप निरुपयोगी होतं. तेव्हा काय धरायचं?

हाडाचा_विद्यार्थी

रुंदी धरा. लांबी आखडते, रुंदी त्यामानाने टिकते. पावलाची रुंदी, गुडघ्याची रुंदी, बरगड्यांची रुंदी मोजा आणि पहिल्या दोघांची तिसरीशी तुलना करा. पाऊल डोक्याच्या दुप्पट दिसलं तरी दुप्पटच काढा, हात आपोआप लहान करू बघतो.

मग कोण कोणाला झाकतंय ते ठरवा. पोटरीची कड गुडघ्याच्या पुढून जाते, गुडघ्याची मांडीच्या पुढून, मांडीची पोटाच्या पुढून. प्रत्येक ठिकाणी पुढची रेघ मागच्या रेघेच्या आत शिरून संपली पाहिजे. दोन रेघा नुसत्या टेकल्या की खोली गेली.

आणि ठिपके चढले तरी टाकू नका. पेल्व्हिसची दोन टोकं आणि दोन्ही गुडघ्याच्या वाट्या, या चार ठिपक्यांना जोडणारा चौकोन आधी काढा. तो किती चेपला आहे त्यावरून मांड्या किती आखडल्यात ते लगेच कळतं. पावलं सर्वांत शेवटी, आणि त्यातही आधी टाचा, मग चवडे, बोटं अगदी नंतर.